दाराआडचं कमळ

"खाप काढायची नाही," मी म्हणायचो.

कलिंगडवाला सुरी उगारलेली तशीच ठेवून माझ्याकडे बघायचा. प्रवरेच्या वाळूत तेव्हा कलिंगडाच्या वाड्या असायच्या आणि चैत्र लागला की संगमनेरला नदीकाठी हिरवे ढीग पडायचे. गिऱ्हाइकानं फळ उचललं की विकणाऱ्यानं त्यात सुरी खुपसायची, त्रिकोणी खाप काढून आतला लाल गर दाखवायचा आणि खाप पुन्हा होती तशी बसवून द्यायची, ही तिथली रीत. खाप न बघता कलिंगड नेणारा माणूस एक तर फार श्रीमंत असणार, नाही तर वेडा. मी कचेरीत कारकून होतो. तेव्हा माझ्याबद्दल त्याचं काय मत झालं असेल ते उघड आहे.

"सायेब, आत पांढरं निघालं तर माघारी घ्यायचो न्हाई बरं का."

"नको घेऊस."

"बघा बुवा. मागनं वरडायचं न्हाई."

खाप मला चालणार नव्हती, कारण त्या कलिंगडाचं मला कमळ करायचं होतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास मांडतात, त्यात गौरीच्या पुढ्यात ठेवायचं कमळ. पाकळीतच भोक पाडून ठेवलं तर पुढे कोरणार काय? म्हणून फळ अख्खं हवं, अख्खं असून आतून लालभडक हवं, आणि ते बाहेरून ओळखता यायला हवं. फळ जिथं वाळूला टेकलेलं असतं तिथं डाग पडतो. तो पांढरट असेल तर फळ कच्चं, लोण्यासारखा पिवळसर झाला असेल तर तयार. देठाजवळचा वेलीचा तणावा वाळलेला हवा. बोटाच्या पेरानं ठोकलं की कच्चं फळ टणटण करतं, पिकलेलं बद्द वाजतं. मी ढिगापाशी उकिडवा बसून, कान लावून एकेक ठोकत राहायचो. त्यातही बुड जरा सपाट हवं, नाही तर पाटावर ठेवलं की कलंडतं. माझं मन भरेपर्यंत आणखी चार गिऱ्हाइकं खापा चाखून, कलिंगडं घेऊन निघून गेलेली असायची.

हे सगळं मला आईनं शिकवलं. मी एकुलता एक. मुलगी असती तर तिनं मुलीला शिकवलं असतं, नव्हती म्हणून मला समोर बसवलं. करवतीच्या तुटक्या पात्याला दगडावर धार लावून केलेली एक बारीक सुरी तिच्याकडे होती, मुठीला चिंधी गुंडाळलेली. आधी खिळ्यानं सालीवर पाकळ्या आखायच्या. मग सुरी फक्त हिरव्या सालीपुरती आत घालून पहिला थर बाहेर उलगडायचा. त्याच्या आत, दोन पाकळ्यांच्या मधोमध येतील अशा पांढऱ्या थराच्या पाकळ्या. आणि अगदी आत लाल गराचा टपोरा कळा, काळ्या बिया जिथल्या तिथं ठेवलेला. सुरी जराशी जास्त आत गेली की गराचं पाणी वाहायला लागतं आणि संध्याकाळपर्यंत कमळ मान टाकतं. कोरून झालं की ते ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं आणि पहिली बाई उंबऱ्यात आली की फडकं काढायचं.

आमच्या आळीतल्या बायका आईचं कमळ बघायला म्हणून यायच्या. शेवटची काही वर्षं संधिवातानं तिची बोटं आखडली, तेव्हा तिनं सुरी माझ्या हातात दिली आणि शेजारी बसून नुसती "हं, हं, पुरे" म्हणत राहिली. ती गेली आणि पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

बायको तिसगावची. तिकडे कोरड्या रानात कलिंगड म्हणजे बाजारातून कधीतरी आणायची चैन, त्यामुळे त्याचं कमळ वगैरे तिनं पाहिलेलंच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात, सत्तर साली, मी अर्धी रजा टाकून स्वयंपाकघरात मांडी ठोकून कोरायला बसलो, तेव्हा ती कैरी किसता किसता थांबून बघतच राहिली.

"अगबाई, हे तुम्हाला येतं?"

"येतं. पण बाहेर बोलायचं नाही. माझी शपथ आहे."

शपथेला कारण होतं. आमच्या कचेरीतल्या एका कारकुनाला गच्चीवर बायकोबरोबर कुरडया घालताना कुणीतरी पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्याची बदली होईपर्यंत सगळी कचेरी त्याला 'वहिनी' म्हणायची. साहेबसुद्धा. मला 'वहिनी' व्हायचं नव्हतं. कलिंगड आणायला मी जायचो हे जगाला दिसत होतं, त्यात काही नव्हतं. कोरायचो मात्र मागचं दार लावून.

हळदीकुंकू सुरू झालं की घरातल्या पुरुषानं पायात चपला अडकवून कुठंतरी निघून जावं असा रिवाज. मी जायचो नाही. पुढच्या खोलीत गौर, पाळण्यात बसवलेली, तिच्यासमोर कमळ आणि भोवती बायका. स्वयंपाकघरात, अर्धवट लोटलेल्या दाराआड, सालींच्या टोपलीशेजारी मी. बायको डाळीच्या वाट्या आणि पन्ह्याचे पेले न्यायला आत-बाहेर करायची. मला ऐकायचं होतं.

आणि पहिल्याच वर्षी ऐकलं. समोरच्या घरातल्या काकू, माझ्या आईची जन्माची मैत्रीण, सगळ्यांच्या आधी आल्या आणि कमळ बघून त्यांनी आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काय कमळ झालंय गं! पाकळी न पाकळी तिच्यासारखी! तिचा हात गेला म्हणून रडलो आम्ही, पण हात कुठं गेलाय? इथंच आहे की!" काकूंना अलीकडे कमी ऐकू येत असावं आणि म्हणून त्या ओरडून बोलत असाव्यात, असा माझा समज. मग बाकीच्यांनी री ओढली. कुणाला पांढऱ्या पाकळ्या आवडल्या, कुणाला मधला कळा. मी दाराच्या फटीला डोळा लावला. माझी बायको सगळ्यांच्या मधोमध उभी होती, खाली मान घालून हसत होती, आणि एक अक्षर बोलत नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात माझा, आई माझी, रजा माझी, बोटाला सुरी लागली होती ती माझ्या, आणि वारसा हिच्या पदरात! मला हेवा वाटला. बायकोचा. याला दुसरा शब्द मला तेव्हाही सापडला नाही आणि आताही सापडत नाही.

"तू काहीच कशी बोलली नाहीस?" बायका गेल्यावर मी विचारलं.

"तुम्हीच शपथ घातलीत ना?"

हे खरंच होतं, म्हणून तर आणखी राग आला. रात्री जेवताना मी भात तसाच ठेवला. तिनं विचारलं, पोट दुखतंय का? मी म्हटलं, हो. तिनं ओवा दिला. तो निमूटपणे चावावा लागला.

दुसऱ्या वर्षी मी युक्ती केली. इतकं अवघड कमळ करायचं की हे नव्या सुनेच्या हातचं काम नव्हे अशी शंका कुणाला तरी आलीच पाहिजे. पाकळ्यांच्या कडा कातरल्या, देठाकडच्या सालीची दोन पानं केली, पानांवर शिरासुद्धा काढल्या. मी कोरत असताना बायको डाळीत कैरीचा कीस कालवत होती. वरून हिंग-मोहरीची फोडणी पडली, घर त्या वासानं भरलं. तिनं चिमूटभर डाळ तळहातावर आणली आणि माझ्यापुढे धरली.

"बघा बरं कशी झालीय."

मी मान वर न करता तिच्या हातावरची डाळ तोंडात टाकली. शीर काढताना सुरी जरा तिरकी धरावी लागते.

"मीठ बरोबर आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी शंका कुणालाही आली नाही. काकू ओरडल्या, "अरे वा! यंदा पानंसुद्धा! तिला कधी पानं सुचली नव्हती!" म्हणजे आता बायको माझ्या आईच्याही पुढे गेली होती. मी दाराआड सालीचा तुकडा दातानं कुरतडत बसलो.

एरवी आमचं बरं चाललं होतं, हे सांगायला हवं. बायको कष्टाळू, समजूतदार, माझ्यापेक्षा हसरी. पण चैत्र आला की माझ्या डोक्यात काहीतरी शिरायचं. बाजारात एखादी बाई तिला थांबवून बोलायला लागली की मला वाटायचं, कमळाचं बोलतायत. कुणी तिच्या हातच्या रांगोळीला नावाजलं तरी मला टोचायचं. रांगोळी तिचीच होती, तरी. शपथ परत घ्यावी असं किती वेळा मनात आलं, पण कचेरीतले चेहरे डोळ्यांपुढे यायचे. मला कौतुक हवं होतं आणि नाव नको होतं, आणि या दोन्हीचा राग मी तिच्यावर काढत होतो.

बहात्तरच्या चैत्रात स्फोट झाला. कलिंगड त्या वर्षी असं निघालं की आईसुद्धा गप्प बसून बघत राहिली असती. कळा कोरताना आत एकही रेघ पांढरी नाही. मीठ बरोबर आहे, हे मी नेहमीप्रमाणे सांगून टाकलं आणि संध्याकाळी दाराआड जाऊन बसलो. काकूंचं ओरडून झालं. मग आळीत नवीनच आलेल्या एका सुनेचा बारीक आवाज ऐकू आला.

"वहिनी, मला शिकवाल का हो असं कमळ?"

मी दाराला कान लावला. आता तरी ही काहीतरी बोलेल. निदान अडखळेल.

"शिकवू की," माझी बायको म्हणाली. "या पुढच्या वर्षी."

पुढचं मला नीटसं आठवत नाही, पण आळीला पुष्कळ वर्षं आठवत होतं. मी दार उघडून बाहेर आलो. अंगात बनियन आणि लेंगा, कोपरापर्यंत कलिंगडाचं लाल पाणी, हातात सुरी. हळदीकुंकवात पुरुष! काही जणींनी घाईनं पदर सारखे केले. एकीच्या हातातला पन्ह्याचा पेला हिंदकळला.

"ते कमळ मी कोरलंय," मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. "दर वर्षी मीच कोरतो. हिला कलिंगड धड कापतासुद्धा येत नाही."

काकूंनी मनगटावर हळद लावून घ्यायला हात पुढे केला होता, तो तसाच ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बोलल्या, पण ओरडून नाही, चारचौघींसारख्या साध्या आवाजात.

"हो रे. माहीत आहे आम्हाला."

"माहीत आहे?"

"तुझ्या आईची बोटं आखडली त्या सालापासून कमळ कोण करतंय हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? मीच सांगितलं सगळ्यांना. तुला लाज वाटते म्हणून तोंडावर कुणी बोललं नाही. मग तीन वर्षं मी त्या दाराकडं तोंड करून घसा कशाला फोडत होते, असं तुला वाटलं?"

"मला वाटलं, तुम्हाला कमी ऐकू येतं."

"मला?" काकू म्हणाल्या. "तुला ऐकू जावं म्हणून ओरडत होते मेल्या!"

मग जे हसू फुटलं ते विचारू नका. पाळण्यातली गौर तेवढी हसायची राहिली. ती नवी सून तोंडाला पदर लावून गदगदत होती. मी सुरी पाठीमागे लपवली, जसा काही आता त्याचा उपयोग होता, आणि उलट पावली आत गेलो. आत जाता जाता एकच गोष्ट दिसली. माझी बायको हसत नव्हती.

दिवेलागण झाली, बायका पांगल्या. ती मोरीपाशी वाट्या विसळत बसली होती. मी मात्र मनातून हवेत होतो. तीन वर्षांचं सगळं कौतुक एकदम हाती आलं होतं. 'हात कुठं गेलाय, इथंच आहे की,' 'तिला कधी पानं सुचली नव्हती,' सगळं माझंच! मी आठवून आठवून पुन्हा ऐकत होतो.

"म्हणजे तुलाही माहीत होतं," मी म्हणालो.

"पहिल्या दिवसापासून. काकूंनी मला हळूच सांगितलं, तू नुसती हसत राहा, त्याला ऐकू दे."

"मग मला सांगायचं नाही का?"

तिनं वाटी ठेवली. "काय सांगायचं? तुमच्या कौतुकाचे निरोप मीच आणून द्यायचे? हेवा वाटायचा मला तुमचा. तीन चैत्र झाले या घरात. राजूरकडच्या बाया कैऱ्या घेऊन बाजारात येतात, त्यांच्या पाट्यांतून एकेक कैरी नखानं टोचून मी निवडते, फार आंबट नको आणि पाड लागलेलीही नको. डाळ पाट्यावर मी वाटते. त्या सगळ्या खातात, पुन्हा मागून खातात आणि दाराकडं तोंड करून म्हणतात, काय कमळ आहे! कुणाची तरी वाटी चाटूनपुसून झाली, तरी डाळीबद्दल शब्द नाही."

तिनं विसळलेली वाटी पालथी घातली.

"त्यांचंही जाऊ द्या. तुमच्यापुढं तळहातावर आणून धरते दर वर्षी. कशी झालीय म्हणून विचारते. तुम्ही काय म्हणता?"

"मीठ बरोबर आहे," मी म्हणालो.

"तेच," ती म्हणाली आणि पुढची वाटी उचलली.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी गुदगुल्या झाल्या. कुणीतरी माझा हेवा करत होतं, आणि तेही तीन वर्षं, घरातल्या घरात! वाईट वाटायला मला पुढचे कितीतरी महिने लागले. रोज जेवताना ती ताट वाढून समोर बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. ती आधीपासूनच तशी बघत असणार. मला ते आता दिसायला लागलं. आणि दिसलं तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही. कौतुक ऐकून घ्यायची सवय आम्हा पुरुषांना असते, करायची नसते. आमटी छान झालीय, एवढं म्हणायचं, तर ते मला चारचौघांत गाणं म्हणण्याइतकं अवघड वाटायचं.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. त्र्याहत्तरच्या चैत्रात प्रवरेची नुसती पांढरी वाळू उरली होती, तिच्यात वाडी नाही की वेल नाही. मी सवयीनं नदीकाठी जाऊन आलो आणि रिकाम्या हातानं परतलो. कमळ नाही. गौरीपुढे दोन काकड्या आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची लहानशी रास. राजूरकडच्या डोंगरातून थोड्या कैऱ्या तेवढ्या आल्या होत्या, बारक्या, कडक. बायकोनं त्यातूनच निवडल्या. डाळ कमी होती म्हणून तिनं ती नेहमीपेक्षा बारीक वाटली. मला काही कोरायचं नव्हतं, त्यामुळे मी पहिल्यांदाच नुसता बसून तिचं काम बघितलं. किसलेली कैरी ती एकदम टाकत नव्हती. थोडी टाकायची, चाखायची, थांबायची, पुन्हा थोडी. आई शेजारी बसून "हं, हं, पुरे" म्हणायची, तसं ही स्वतःलाच म्हणत होती.

त्या दिवशी तिनं तळहात पुढे केला नाही. मीच पातेल्यातून बोटभर घेतली. कैरी आधी जिभेवर आली, मग हिंग, मग डाळीचा गोडवा सगळ्यात शेवटी, हळूच. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाहेर काकूंचा आवाज आला आणि ती लगबगीनं गेली.

मी दाराआड जाऊन बसलो. हातात सुरी नाही, शेजारी सालींची टोपली नाही. बाहेर चमचे वाट्यांना लागत होते. मी वाट बघत होतो की कुणीतरी म्हणेल, यंदा कमळ नाही तर किती ओकंओकं वाटतंय. कुणी म्हणालं नाही. विहिरींचं बोलणं झालं, टँकरचं झालं. डाळीबद्दलही कुणी काही बोललं नाही. चमचे मात्र वाजत होते. मी फटीतून बघितलं. बायको तबक धरून उभी होती आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत होती, जशी माझ्याकडे बघते तशी.

मी दाराला तोंड लावलं आणि काकूंसारखा ओरडलो.

"डाळ फार सुरेख झालीय!"

बाहेरचे चमचे थांबले. माझे कान गरम झाले. कचेरी आठवली, 'वहिनी' आठवला, आणि तरी, तोंड उघडलंच आहे तर, मी आणखी एकदा ओरडलो, "अशी डाळ मी जन्मात खाल्ली नाही!"

"ऐकू आलं रे!" काकू तिकडून ओरडल्या. "आम्ही काय बहिऱ्या आहोत?"

मग पुन्हा हसू फुटलं, आणि हसता हसता सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कैरी कुठून आणली, वाटली किती, फोडणी गरम असताना घातली की निवल्यावर. ती नवी सून म्हणाली, "वहिनी, मला शिकवाल का हो ही डाळ?"

"शिकवीन की," माझी बायको म्हणाली.

थोड्या वेळानं ती पन्हं न्यायला आत आली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पातेल्यात खरवडून उरलेली डाळ वाटीत घातली, वाटी माझ्या गुडघ्याशी ठेवली आणि पेले घेऊन गेली. जाताना तिचा चेहरा मला दिसला, आणि तिचा मला इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही.

मी डाळ खात, शेवटची बाई जाईपर्यंत कान देऊन बसलो होतो. कमळाचं नाव कुणी काढलं नाही.